बुंदीचा रंग

२ मे २०२५, शुक्रवार

माझा राग टिकत नाही. सकाळी चांगला पेटतो, दुपारी डोळा लागला की अर्धा विझतो, आणि संध्याकाळी कुणी चहा दिला की मी हसून बोलून मोकळी. यावेळी तसं होऊ द्यायचं नाही. म्हणून माझ्या नातीनं, सुरभीनं, नागपूरहून आणलेली ही कोरी डायरी सपनाच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, सूनबाई, लिही. कैरीला मीठ लावून ठेवतात तसा हा राग मुरवायचा आहे.

सपना माझी सून, चंद्रभानची बायको, बारावी झालेली. मला अक्षर येत नाही. मी "मले" म्हणते, ती "मला" लिहिते. माझ्या बोलण्याला इस्त्री करते. करू दे. फक्त आच जाऊ देऊ नको म्हटलं.

तर झालं असं. हिंगणी गावात नवरीला लागणारी पहिली हळद आमच्या घरून जाते. माझी सासू द्यायची, मग मी देऊ लागले. बेणं वायगावचं, वावर आमचं, पाणी बोर धरणाच्या कालव्याचं. सुलोचनाबाईच्या नातीच्या, वर्षालीच्या लग्नातही आमचीच गेली. सकाळी हळद लागली आणि संध्याकाळी पोरीचं तोंड लालभडक, गालांवर पुरळ, डोळे सुजलेले. सुलोचनाबाईनं भर मांडवात, दोन्हीकडच्या बायांसमोर सांगितलं, "कोकिळाबाईच्या हळदीत रंग हाय."

मी तिथं नव्हते. नवरा गेल्यापासून मला हळदीला कुणी बोलावत नाही. माझी हळद आत जाते, मी बाहेर राहते. ही रीत सगळ्यात आधी सुलोचनाबाईनंच माझ्यावर लावली होती. हळदीकुंकवाला माझ्या घरची हळद मागवली, आणि मी दारात दिसले तर म्हणाली, "तुमी काऊन तरास घेतला?" त्या दिवसापासून मी तिच्या दुकानाची पायरी चढले नाही.

सुलोचनाबाई म्हणजे चौकातल्या मधुकरराव किराणावाल्यांची बायको. गल्ल्यावर तीच बसते, बचत गटाची अध्यक्षही तीच. तिला मी गावासमोर खोटी पाडीन. हे ठळक लिही म्हटलं तर सपना म्हणते, पेनानं ठळक होत नाही. मग दोनदा गिरव म्हटलं.

४ मे, रविवार

मंदाबाई आली. जूनमध्ये तिच्या पोरीचं लग्न आहे. हळद सांगून ठेवली होती, ती आता नको म्हणायला आली.

"रागावू नोका कोकिळाबाई, पन यंदा आमी सेलूहून पाकीट आनून राह्यलो."

"आना ना," मी म्हटलं. "अन् नवरीलेबी पाकिटातच घालून सासरी पाठवा. उतरवाले सोपी."

ती हसली, पण हळद काही नेली नाही.

आणि हळद कशी आहे म्हणता यंदाची. वाळत घातली तेव्हा अवकाळी पाऊस पडला, तर सगळी पांढरीफटक. मी सपनाला म्हणायचे, ही तुझ्या माहेरची दिसते, बिनरक्ताची. पण पॉलिशच्या ड्रममधून निघाली, तानबाच्या चक्कीवर दळून आली, तर सोनं. असं सोनं की मी आल्यागेल्याला मूठ उघडून दाखवलं. आमच्या मातीला माझी भीती वाटली असावी, दुसरं कारण मला सापडत नाही.

मंदाबाई गेल्यावर सपनाचं तोंड एवढंसं झालं होतं. हिला माझ्या अब्रूची इतकी काळजी असेल असं मला वाटलं नव्हतं.

११ मे, रविवार

सुरभी आली. ही सपनाची लेक, नागपूरला रसायनाचं संशोधन करते. काय करते विचारलं की "आजी, मी फिल्म बनवते" म्हणायची. म्हणून मी गावभर सांगितलं होतं की पोरगी सिनेमात आहे. आज कळलं की तिची फिल्म म्हणजे काचेच्या पट्टीवर दिलेला लेप. हे गावाला सांगायची काही घाई नाही.

माझं गाऱ्हाणं ऐकून तिनं धान्याच्या खोलीची खिडकी पोत्यानं झाकली आणि जांभळा दिवा लावला. पट्टी लाल पेटली. धूर नाही, ऊब नाही, नुसती लाल.

"यात क्वांटम डॉट हायेत, आजी. इतके बारीक कन का डोळ्याले दिसत नाई."

"अन् थे बसते कुठी?"

"जाळीत. जाळी आमीच बनवतो. तिची भोकं एका मापाची. त्या मापाचा पदार्थ आला का आत जाऊन बसते अन् कनांचा उजेड खाऊन टाकते. बाकीचे वरच्यावर निंगून जाते."

म्हणजे चाळणीत बसवलेले काजवे. ती म्हणाली, तसंच समज.

आणि कोणत्या पदार्थावर ही जाळी लावली आहे? हळदीत घालतात त्या खोट्या पिवळ्या रंगावर. मी ताठ बसले. पोरगी इतके दिवस माझंच काम करत होती आणि मला पत्ता नाही. तिची पट्टी आधी खऱ्या हळदीनंही विझायची म्हणे. मग जाळी बदलून बदलून तिनं अशी आणली की खरी हळद समोरून गेली तरी पट्टी ओळख देत नाही.

"मंग सुलोचनाबाईच्या दुकानातली हळद आनू," मी म्हटलं, "अन् तू विझव."

"विझव म्हंजे? रंग असला त विझंन."

"अन् मैदा असला त?"

"मैद्याचं तिले काही माहीत नाई."

"मंग अर्धवट हाय तुही पट्टी."

"एकाच गोष्टीची साक्ष देते, आजी. दुसरं विचारलं का गप."

गावात असे साक्षीदार असते तर मला डायरी लिहावी लागली नसती. दुसऱ्याची हळद विकून माझ्या हळदीला नाव ठेवणारी ती बाई आता दोन दिवसांची पाहुणी. सपनाला म्हटलं, उद्या चौकात जा आणि तिच्या दुकानातलं हळदीचं पाकीट आण. "मीच जाऊ?" म्हणाली. मी म्हटलं, मग मी जाऊ?

१३ मे, मंगळवार

आज जे झालं ते लिहू की नको, असं झालं आहे. पण राग मुरवायचा तर कडूही घालावं लागतं.

सुलोचनाबाईची हळद सुरभीनं स्पिरिटमध्ये घोळली, वरचं निवळ पाणी पट्टीवर सोडलं. जांभळ्या दिव्यात हळदीचं पाणी हिरवं चमकलं आणि पट्टी लालच्या लाल. मी म्हटलं, पुन्हा कर. पुन्हा लाल.

मग आमची. थेंब पडला आणि पट्टीवरचं लाल गेलं. अंगठ्यानं कुंकू पुसावं तसं गेलं. माझं पुसलं तेव्हाही एवढाच वेळ लागला होता.

मी म्हटलं, पट्टी खराब आहे. तिनं नवी काढली. तीही विझली. मग मला सगळं लख्ख दिसलं. सुलोचनाबाईनं तानबा चक्कीवाल्याला फितवलं आणि माझ्या दळणात रंग टाकून घेतला. सुरभी म्हणाली, थांब. न दळलेली हळकुंडं आहेत का? होती. पॉलिशच्या आधी देवासाठी काढून ठेवलेली थोडी, आणि पॉलिश झालेली, बरणीतली. देवाची कुटून घातली, तर पट्टी लाल राहिली. बरणीतली घातली, तर विझली.

म्हणजे रंग चक्कीवर पडलाच नाही. आमच्या अंगणातल्या ड्रममध्येच पडला. तानबा सुटला. आता सुलोचनाबाईनं अंगणात माणूस कसा घातला तेवढं शोधायचं. मागची भिंत ठेंगणी आहे, मी चंद्रभानला कधीची सांगते.

सुरभी आईकडे बघत होती आणि आई जमिनीकडे. माय-लेकींचं डोळ्यांनी काहीतरी चाललं आहे. पोरीनं नागपुरात कुणीतरी पाहिलेला दिसतो. ते मागून बघू. एका वेळी एकच दुश्मनी.

१४ मे

सपना म्हणते, पेन चालत नाही. दुसरं दिलं. तेही चालत नाही म्हणते.

१६ मे, शुक्रवार

आज सांगायला बसले. म्हटलं, लिही, सुलोचनाबाईनं भिंतीवरून माणूस पाठवला. सपनानं पेन खाली ठेवलं.

"आत्याबाई, भिंतीवरून कोनी नाई आलं. रंग म्या टाकला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. या वयात ती सोय असते. पण तिनं पुन्हा सांगितलं.

"बुंदीचा रंग. मले वाटलं खायाचाच हाय. लाडवात चालते त हळदीत काऊन नाई चालनार? ड्रम फिरवतानी वरून भुरभुरला."

"चंद्रभानले ठाऊक हाय?"

"नाई. ते पानी आनाले गेलते."

"पन काऊन टाकला, बाई?"

"तुमी रोज म्हनत होत्या. हळद तुह्या तोंडासारखी उतरली. तुह्या हातानं सोन्याचंबी पितळ होते. पान्यानं गेली होती हळद, आत्याबाई. पाऊस काय म्या आनलता?"

आता बघा. मी दिवसभर शंभर गोष्टी बोलते. कुत्र्याला बोलते, कुकरला बोलते. बाकी सगळ्या हिच्या वरच्यावर निघून जातात, आणि जाळीत जाऊन बसली ती नेमकी हीच. माणसानं थट्टा कळावी एवढं तरी शिकलेलं असावं. हे वाक्य लिहिताना ती थांबली आहे. लिही म्हटलं.

मग विचारलं, रंग आणला कुठून?

"चौकातून. सुलोचनाबाईनंच डब्यातून काढून पुडी बांधली."

उरलेली पुडी कोठीत मिठाच्या मागे होती. सुरभीनं चिमूट घोळली आणि थेंब पट्टीवर सोडला. लाल टिकलंच नाही. "हा खायाचा रंग नाई, आजी," ती म्हणाली. "खान्यात घालाले बंदी हाय याले. कारखान्याचा रंग होय हा."

मी हसायला लागले. वर्षालीच्या गालावरचं पुरळ तिच्याच आजीनं कागदात बांधून माझ्या घरी पाठवलं होतं. देवानं मला इतकं सरळ हातात कधी काही दिलं नाही. सपना रडत होती, म्हणून थोडी थांबले. मग आत जाऊन हसले.

१८ मे, रविवार

हत्यार हातात आहे आणि धार माझ्याच सुनेच्या गळ्याशी.

पुडी गावाला दाखवली तर पहिला प्रश्न येणार, हळदीत घातली कुणी? सपना म्हणते, "माहं नाव घ्या. होऊन जाऊ द्या." तिला वाटतं दोन दिवस बोलतील. हिंगणीत सुनेचं नाव एकदा निघालं की तिच्या नातवंडांना पुरतं. पाण्याला गेली तर, बारशाला गेली तर, सुरभीचं लग्न जुळवायला बसलो तर, सगळीकडे ती पुडी आधी जाऊन बसलेली असेल.

आणि गप्प राहिले तर सुलोचनाबाई खरी ठरते. कायमची. मला ते गिळवत नाही. पाणी प्यायले तरी गिळवत नाही.

चंद्रभान म्हणतो, हळद गाडून टाकू आणि विषय संपवू. ज्याला भांडता येत नाही त्याला सगळेच विषय संपवावेसे वाटतात. सुरभी मात्र वेगळंच बोलली. "आजी, तुमचं भांडन ठेव बाजूले. तो डबा अजून दुकानात हाय. लेकरं खाऊन राह्यली थे."

ते खरं आहे. खरं आणि माझ्या सोयीचं एकाच वेळी निघालं की मला फार बरं वाटतं.

२५ मे, रविवार

आज बचत गटाची सभा होती, देवळामागच्या सभागृहात. मी गटात नाही, तरी गेले. सपना आणि सुरभी मागं. सुलोचनाबाई मधल्या खुर्चीवर.

"या कोकिळाबाई," ती म्हणाली. "आज वाट चुकल्या."

"तुमीच बोलावलं ना. मांडवात माहं नाव घेतलं, म्हनून आली."

बायांनी खिडक्यांवर सतरंज्या धरल्या. तमाशा पाहायला हात लगेच मिळतात. सुरभीनं दोन शब्दांत पट्टी समजावली आणि मी म्हटलं, आधी आमची हळद टाक.

लाल गेलं. अंधारात सुस्कारे ऐकू आले. सुलोचनाबाईचं तोंड मला दिसत नव्हतं, पण तिचं हसू मला वासानं कळतं.

"म्या काय म्हनलं होतं," ती म्हणाली.

"बरोबर म्हनलं होतं," मी म्हटलं. "रंग हाय. पानी लागून हळद पांढरी पडली, म्हनून टाकला. म्याच टाकला."

मागून सपना उठायला लागली. मी हात मागं नेऊन तिचा पदर धरला आणि खाली ओढला. बांगडी लागली तिला, पण बसली.

"आता हे पाहा," मी म्हटलं आणि पुडीतली चिमूट सुरभीच्या हातावर ठेवली. तिनं ती घोळून थेंब पट्टीवर सोडला. लाल गेलं, पहिल्यापेक्षा लवकर. "हा टाकला. बुंदीचा रंग. चौकातल्या दुकानात डब्यात राहते. आमाले मागितल्यावर भेटला, तुमालेबी मागितल्यावर भेटते. खायाचा नोहोय म्हनते हा. वर्षालीच्या तोंडाले हाच लागला. म्या लावला, पन पुडी बांधली तिच्या आजीनं."

कुणीतरी सतरंजी सोडली. उजेडात सुलोचनाबाई माझ्याकडे बघत होती. आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे सपनाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. बोलली नाही. मी पुष्कळ वाट पाहिली.

मग प्रमिलाबाई म्हणाली, "म्हंजे सव्वीस जानेवारीची शाळेतली बुंदी?" आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. अध्यक्षांच्या खुर्चीभोवती अशा जमल्या की खुर्ची दिसेना.

मी घरी आले. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

२६ मे

मधुकररावांनी डबा नाल्याजवळ खड्डा करून पुरला, गावासमोर. आमची हळदही चंद्रभाननं पुरली, पोतीच्या पोती. यंदा हिंगणीच्या नवऱ्या पाकिटातल्या हळदीनं पिवळ्या होणार.

सपना सकाळपासून माझ्यासमोर येते, उभी राहते आणि परत जाते. मी म्हटलं, पाया पडायचं असेल तर पड, नाहीतर भाजी चीर. तिनं भाजी चिरली.

२९ मे

गावात मला बघून पोरं "रंगवाली आजी" म्हणतात. म्हणू दे. सुलोचनाबाईच्या दुकानातून बाया साखरसुद्धा निरखून घेतात. तिचं जास्त गेलं, माझं कमी. हा हिशेब मला पुरतो. सपनाला विचारलं, तुला काय वाटतं? तर म्हणते, मी फक्त लिहिते.

३ जून, मंगळवार

सुलोचनाबाई आली. माझ्या दारात, एकटी, उन्हाची. मी खाटेवर होते, उठले नाही. ती खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली. सपना चहा टाकायला आत गेली.

"वर्षालीचं तोंड बरं झालं," ती म्हणाली.

"चांगलं झालं. पोरीचा काही गुन्हा नोहोता."

"पुडी म्या सपनाले देल्ली होती," ती म्हणाली. "तुमाले नाई."

आत भांड्याचा आवाज थांबला.

"दिवसाले एवढ्या पुड्या बांधता, तुमाले बरी आठवते."

"बुंदी करतो म्हने, अन् बेसन घेतलं नाई. म्हनून आठवते."

सपना चहा घेऊन आली. सुलोचनाबाईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ कप घेतला.

"मंग सभेत तोंड काऊन नाई उघडलं?" मी विचारलं.

"उघडलं असतं त सून वाईट झाली असती अन् तुमी बिचाऱ्या." तिनं चहा फुंकला. "गावानं तुमाले बिचाऱ्या म्हनावं, हे माह्यानं पाह्यलं गेलं नसतं. त्यापरीस रंगवाल्या बऱ्या."

मला काही सुचलं नाही असं सपनानं लिहिलं होतं, ते तिनं वाचून दाखवल्यावर खोडायला लावलं. सुचलं होतं, पण ते सुनेसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

"खरं काय थे मले ठाऊक हाय," ती म्हणाली, "अन् मले ठाऊक हाय, हे तुमाले ठाऊक हाय. आता कोनाले सांगाची गरज नाई. मी काही सांगत नाई, घाबरू नोका."

ही बाई सांगणार नाही. मरेपर्यंत सांगणार नाही, हेच तर. चौकात दिसेल, मान हलवेल, आणि दर वेळी ते मान हलवणं माझ्या सुनेवर उपकार म्हणून पडेल. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं. फक्त इतक्या लवकर आले नसते. पोळा होऊ दिला असता, दिवाळी होऊ दिली असती.

"साखर कमी हाय वो," ती म्हणाली.

मी सपनाला साखर आणायला सांगितली. सुलोचनाबाईनं ती ढवळली, चहा पिऊन संपवला, आणि रिकामा कप माझ्यासमोर धरला, सपनासमोर नाही. अजून थोडा असंन त द्या, म्हणाली. मी खाटेवरून उठले, आत गेले, आणि माझ्या हातानं भरून आणला.